मैदानावरचे दोन स्वभाव

इंदूर शहरात खान नदीच्या काठी लालबागचा राजवाडा उभा आहे. १८८६ मध्ये त्याच्या बांधकामास आरंभ झाला आणि १९२१ मध्ये ते पुरे झाले. त्याचे लोखंडी दरवाजे लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या दरवाज्यांबरहुकूम घडविले, असे इंदूरकर कौतुकाने सांगतात. विलायती वस्तूंची आवड असलेल्या या दरबाराने आणखी एक विलायती गोष्ट मनापासून आपलीशी केली, ती म्हणजे क्रिकेट. १९२३ मध्ये महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदुरास बोलावून आपल्या सैन्यात कॅप्टनची जागा दिली. खेळाडूला सैन्यातील हुद्दा देण्यामागे त्या काळचा एक दृढ समज होता. मैदान माणसाला घडविते, धैर्य, शिस्त आणि संयम हे गुण खेळातून अंगी बाणतात, असे इंग्रजांच्या शाळा शिकवीत आल्या होत्या. तेथून तो समज आपल्या शाळांत आला आणि अजूनही पारितोषिक समारंभांच्या भाषणांत तो ऐकू येतो. त्याची दुसरी बाजू मात्र कोणी बोलून दाखवीत नाही. मैदान जर शील घडवीत असेल, तर कडेला उभा राहणारा भित्रा, सडपातळ मुलगा शीलानेही उणाच ठरतो. हा निवाडा खरा आहे की नाही, हे पाहावयास इंदूरसारखे दुसरे ठिकाण नाही.

नायडूंचा जन्म १८९५ चा. त्यांचे प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील पदार्पण १९१६ मध्ये मुंबईत झाले. हिंदू संघाचे सात गडी ७९ धावांत बाद झाले होते आणि समोर युरोपियनांचा संघ होता. या एकवीस वर्षे न भरलेल्या तरुणाने पहिले तीन चेंडू शांतपणे अडविले आणि चौथा सीमेपार भिरकावून षट्कार मिळविला. इंदूर, सैन्य, हुद्दा हे सारे त्यानंतर सात वर्षांनी आले. तेव्हा नायडूंना शिस्त इंदूरने दिली असे म्हणणे कठीण आहे. इंदूरने त्या शिस्तीला जागा दिली, एवढेच म्हणता येईल. पुढे १ डिसेंबर १९२६ रोजी एम.सी.सी. संघाविरुद्ध त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या, त्यात अकरा षट्कार होते. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला, त्याचे कर्णधारपद त्यांच्याकडेच होते.

नायडूंच्या नजरेखाली वाढलेला इंदूरचा मुलगा म्हणजे सय्यद मुश्ताक अली. त्याचा जन्म १७ डिसेंबर १९१४ चा. करड्या गुरूच्या हाताखाली वाढलेला शिष्य गुरूची प्रतिकृती व्हावा, असा मैदानाच्या महिम्याचा हिशोब सांगतो. घडले ते उलटेच. १९३४ मध्ये मुश्ताक अली कसोटीत आले ते डावखुरे संथ गोलंदाज म्हणून. दोन वर्षांनी मँचेस्टरला ते सलामीस उतरले, विजय मर्चंट यांच्यासह त्यांनी पहिल्या गड्यासाठी २०३ धावा जोडल्या आणि स्वतः ११२ धावा केल्या. परदेशात कसोटी शतक झळकविणारे ते पहिले भारतीय. वेगवान गोलंदाजाला पुढे चालून जाऊन टोलविणारी ती फलंदाजी होती. नायडूंची करडी शिस्त तिच्यात नव्हती. होता तो मौजेचा भाग. लोकांना तो इतका प्रिय झाला की १९४५ मध्ये संघातून त्यांचे नाव वगळले गेले, तेव्हा कलकत्त्याच्या प्रेक्षकांनी मुश्ताक नाही तर सामना नाही, असा हट्ट धरून निवड समितीला नमविले. शिष्याची मूळ चाल गुरूने मोडली नाही, हे त्या खेळावरूनच कळते. शिकविणाऱ्या पुष्कळांना एवढे साधत नाही.

त्याच होळकर संघात १९४४-४५ च्या हंगामात तिसराच एक मनुष्य येऊन मिसळला. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन युद्धाच्या निमित्ताने इंदूरजवळ महूच्या छावणीत होता. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईने होळकरांपुढे ८६७ धावांचे अशक्य लक्ष्य ठेवले. कॉम्प्टनने नाबाद २४९ धावा केल्या, मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके ठोकली, आणि तरी होळकर संघ हरला. कॉम्प्टनचा मोकळा, बेफिकीर स्वभाव आणि नायडूंचा करडेपणा एकाच तंबूत नांदले. संघाला त्याची अडचण झाली नाही.

१९७१ मध्ये ओगिल्व्ही आणि टटको या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी खेळाडूंची दीर्घ पाहणी करून सांगितले की खेळाने शील घडते याला आधार सापडत नाही. मोकळ्या, धडपड्या वृत्तीची आणि नेमस्त माणसे खेळाकडे आधीच अधिक वळतात, असे पुढील अभ्यासांतही आढळले. तोही संबंध माफकच आहे. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात शर्यतीचा दृष्टांत घेतला आहे, पण तेथेही धावण्याने संयम येतो असे म्हटलेले नाही. ज्याला बक्षीस हवे आहे तो आधी स्वतःला आवरतो, असा त्याचा आशय आहे.

मग मैदानाचे काम काय? १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोचला आणि चार वेळा विजयी झाला. सराव, वेळ पाळणे, दुखले तरी चेहऱ्यावर न दाखविणे, या सवयी त्या संघात नायडूंनी रुजविल्या होत्या. सवय आणि स्वभाव या दोन गोष्टी आहेत. सवय संघाला लावता येते, पण संघ मोडला की तीही विरते. होळकर संघ १९५५ नंतर उरला नाही. त्याच मुलखाच्या मध्य प्रदेश संघाला रणजी करंडक मिळण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

स्वभाव मात्र माणसाबरोबर जातो. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात दत्तू फडकरांचा चेंडू नायडूंच्या तोंडावर बसला आणि दात पडले. तेव्हा त्यांचे वय छप्पन्न होते. दात खेळपट्टीवरून बाजूला सारून त्यांनी पुन्हा पवित्रा घेतला. पुढे संस्थान गेले, होळकर संघही गेला. १९५६-५७ मध्ये साठी उलटलेले नायडू उत्तर प्रदेशाच्या बाजूने रणजी सामने खेळले.