नॉर्वे : जर्मन अमलाखालील जनजीवन व प्रतिकार (१९४०–४५)

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर चढाई केली आणि दोन महिन्यांत देश जिंकला. राजा सातवा हाकोन लंडनला गेला, तरी त्याचे ‘एच ७’ हे चिन्ह भिंतींवर झळकत राहिले.

कॉफी, साखर, पाव रेशनवर आले. चामड्याच्या टंचाईमुळे माशांच्या कातडीचे बूट निघाले. निषेधही घरगुतीच होता : एकजूट दाखवायला लोक कोटाला कागदाची साधी क्लिप लावत. विणलेल्या लाल टोप्यांचा तर सत्ताधाऱ्यांनी इतका धसका घेतला, की १९४२ मध्ये त्यांवर बंदी आली.

खरी कसोटी शाळांत लागली. फेब्रुवारी १९४२ मध्ये नॉर्वेचा नाझी नेता व्हिडकुन क्विस्लिंग याच्या सरकारने शिक्षकांना नाझीधार्जिण्या संघटनेत सक्तीने ओढले. बहुसंख्य शिक्षकांनी जवळपास एकाच मजकुराची नकारपत्रे स्वतःच्या सहीने धाडली. सरकारने जळणाच्या टंचाईची सबब सांगून शाळा बंद केल्या; पालकांकडूनच निषेधपत्रांचा पाऊस पडला. सुमारे १,१०० शिक्षकांना अटक झाली. त्यांपैकी सुमारे ५०० जणांना बोटीने उत्तर टोकाच्या किर्केनेसला वेठबिगारीसाठी नेले. वर्षअखेरीपर्यंत ते परतले.

ती संघटना क्विस्लिंगला अखेरपर्यंत उभी करता आली नाही.