सात दिवस, दोरखंड आणि डोंगर

गाडी घेऊन डोंगरात जायचे ठरले, की घरात आदल्या रात्री यादी निघते. पाण्याच्या बाटल्या, डबा, टॉर्च, स्टेपनीतली हवा, कुणाला गाडी लागते म्हणून आवळासुपारी. आमच्या कांदिवली-बोरिवलीच्या पाठीशी जो डोंगर आहे, आज ज्याला आपण सगळे नॅशनल पार्क म्हणतो, त्याच्या पोटात शिरण्यासाठी केलेली अशीच एक यादी चारशे वर्षांहून अधिक काळ कागदावर टिकून आहे.

ती लिहून ठेवली दियोगो दो कौतो या पोर्तुगीज इतिहासकाराने. हा गृहस्थ गोव्यातल्या दप्तरखान्याचा प्रमुख होता. तो सांगतो, की साष्टी बेटावरच्या कान्हेरीच्या लेण्यांतून एक भुयार निघते आणि ते थेट खंबायतेपर्यंत जाते, अशी लोकांत बोलवा होती. आंतोनियो दो पोर्तो नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्रीने सोळाव्या शतकात ठरवले, की त्याचे दुसरे टोक पाहायचेच. बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्याच्या माथ्यावर ख्रिस्ती मठ उभारला, तो याच पाद्रीने. आता तयारी पाहा. वीसेक माणसे, जनावरांच्या भीतीने बंदुका, पाणी, तांदूळ, बिस्किटे, मशालींसाठी तेल. आणि वाट चुकू नये म्हणून दोरखंडांची वेटोळी. दोराचे एक टोक तोंडाशी दगडाला बांधले आणि मंडळी आत शिरली. सात दिवस चालली म्हणे. दोन्ही बाजूंना खोल्याच खोल्या आणि प्रत्येकीच्या दाराशी पाण्याचे टाके. शेवटी शिधा-पाण्याची काळजी वाटू लागली आणि सगळे दोर धरून माघारी आले.

कान्हेरीत असे भुयार नाही. सात दिवसांतले किती दिवस खरे आणि किती गप्पांचे, हे पाद्रीबाबाच जाणोत. पण खोल्या आणि टाकी मात्र अगदी खरी आहेत. इथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि बहुतेक प्रत्येक विहाराला स्वतःचे टाके आहे. पावसाचे पाणी कातळावरून वाहत येते, ते खोदलेल्या पन्हळींतून टाक्यात उतरते. तिथल्या ब्राह्मी लेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. मला हा शब्द फार आवडतो, कविता लिहिणाऱ्याला असले शब्द खिशात टाकावेसे वाटतात. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी, गृहस्थांनी, भिक्षुणींनी या पोढ्या दान केल्या आणि तसे दगडावर कोरून ठेवले. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात जाणाऱ्याची तयारी अशी दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेली असे. कोण येणार आहे हे ठाऊक नसताना त्याच्या पाण्याची सोय करायची, हे आपल्या आजच्या यादीत बसत नाही.

तिथे मुक्कामाला आलेले सगळे बौद्धच होते असेही नाही. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत काही नावे कोरलेली आहेत. ती पारशी पाहुण्यांची आहेत, साल १००९ आणि १०२१. महिना, दिवस, आलेल्यांची आणि त्यांच्या वडिलांची नावे. भिंतीवर नाव कोरणाऱ्याला आज आपण दंड करू, तो करायलाच हवा. पण हजार वर्षांनी त्या खोडीचाच पुरावा झाला.

पुढे मुंबई वाढली आणि तिला तहान लागली. १८५४च्या टंचाईनंतर विहार तलावाचे काम निघाले, १८६० साली तो पूर्ण होऊन नळाने शहरात पाणी गेले. १८७९मध्ये तुळशी तलाव झाला. तलावांना पाणी पुरवणारे जंगल राखणे भाग होते. आज सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल महानगराच्या मध्यभागी उभे आहे, त्याचे एक कारण वाघ-बिबट्यांइतकेच हे पाणीही आहे.

याच डोंगरात आणखी एक तयारी झाली, ती बोचकी बांधण्याची. १९९७मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि पुढच्या काळात पार्काच्या हद्दीतल्या हजारो झोपड्या उठवल्या गेल्या. आमच्या बाजूच्या वस्त्यांतून माणसे पत्रे, भांडी, रेशनकार्डे डोक्यावर घेऊन खाली उतरली. जंगल वाचायला हवे होते, हे मला मान्य आहे. मात्र त्याची किंमत कुणी दिली, हे विहाराच्या भिंतीसारखे कुठे कोरलेले नाही. आतले आदिवासी पाडे तर पार्काच्या आधीपासूनचे. त्यांना ‘अतिक्रमण’ म्हणताना जीभ अडखळायला हवी.

आणि आता भुयार खरेच होते आहे. १३ जुलै २०२४ रोजी ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन झाले. एकूण रस्ता सुमारे पावणेबारा किलोमीटर, त्यातले दहा किलोमीटरहून अधिक पार्काच्या खालून. घोडबंदरचा वळसा आणि त्यात जाणारा जवळपास तासभर वाचणार आहे. दो पोर्तोंना सात दिवसांत जे जमले नाही, ते आपण गाडीत एक गाणे संपून दुसरे लागेपर्यंत उरकू. दोरखंड नको, मशाल नको, पाणीसुद्धा नको.

घोडबंदरच्या कोंडीत अडकलेल्या ॲम्ब्युलन्स मी पाहिल्या आहेत, त्यामुळे बोगद्याला नाक मुरडणे मला जमणार नाही. डोंगराच्या पोटातले झरे यंत्राच्या धक्क्याने कुठे वळतील, त्याची चिंता मात्र लागून राहते. वर पोढ्या आहेत, तलाव आहेत, पाड्यांवरच्या विहिरी आहेत. बोगद्याचे काम करणाऱ्यांनी दरसाल पावसाळ्यानंतर त्या पाण्याची पातळी मोजावी आणि आकडे लोकांसमोर ठेवावेत.

बोगद्याचे बोरिवलीकडचे तोंड मागाठाण्याला आहे. कान्हेरीच्या एका लेखात मंगलस्थान नावाच्या गावातले शेत संघाला दान दिल्याचा उल्लेख येतो, आणि अभ्यासकांच्या मते हे मंगलस्थान म्हणजेच मागाठाणे. तिथे ठाण्याचे अंतर सांगणारी मोठी निळी पाटी लागेलच. तिच्या खाली एका ओळीत हे जुने नावही लिहिता येईल.