गोधडीच्या पोटात

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या घरात सुईत दोरा ओवायचं काम माझ्याकडे असे. दादीची नजर मोतीबिंदूनं अधू झालेली, अम्माला चुलीपुढून उठायला सवड नाही, आणि घरातला सगळ्यांत रिकामा मीच. चैत्र-वैशाखाच्या दुपारी ओसरीवर एक जुनं लुगडं अंथरलं जाई, वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या जात आणि त्यावर घरातल्या जुनेराचे थर चढू लागत. दहा-बारा सुया ओवून कापडाच्या गुंडीत खोचून ठेवल्या की मी खेळायला मोकळा. पुढं मी कविता लिहू लागल्यावर कुणीतरी विचारलं, तुमच्या घराण्यात आधी कुणी लिहिणारं होतं का? मी पटकन ‘नाही’ म्हणून गेलो. ते उत्तर बरोबर नव्हतं, असं मला अलीकडे वाटतं.

या पांघरुणाला आमच्या सोलापूर भागात वाकळ म्हणतात, इतरत्र गोधडी. हिंदीत ती गुदडी होते, संस्कृतात कंथा. बाळाची असली की तिचं दुपटं होतं. शिवायची रीत पाहायला सोपी. जाड सुईनं कडेपासून धावदोरा घालायचा. कोपरा आला की वळायचं. शेतात औत फिरावं तसा टाका कडेकडेनं फिरत फिरत आत येतो आणि शेवटी मधोमध तळहाताएवढा चौकोन उरतो. तो बंद करण्याआधी दादी आत तांदळाचे चार दाणे सोडायची. ‘इसका पेट खाली नै रहना,’ म्हणायची. वाकळ उपाशी राहिली तर तिच्याखाली निजणारं पोरही उपाशी राहील, असा तिचा हिशेब. हे तिला कुणी शिकवलं ते मी कधी विचारलं नाही. आपण विचारत नाही तोवर आजी गेलेली असते.

घरात काही घडलं की वाकळ शिवली जायची. छटीला दुपटं, बिस्मिल्लाच्या वेळी, म्हणजे मूल चार वर्षं चार महिने चार दिवसांचं झालं की, अंगभर होईल अशी छोटी वाकळ, आणि लेक सासरी निघाली की मोठी दुहेरी. तिच्यात कुणाचं काय आहे हे दादीला पाठ होतं. हा तुकडा मोठ्या चाच्यांच्या शाळेच्या सदऱ्याचा, ही आब्बांची लुंगी, हा तुझ्या फुफीच्या शादीच्या जोड्याचा कडेचा भाग. एका वाकळेत १९७२ च्या दुष्काळात मिळालेल्या धान्याच्या कापडी पिशवीचा तुकडा होता. धुऊन धुऊन त्यावरची इंग्रजी अक्षरं पुसट झाली होती, पण होती. मी इंग्रजी मुळाक्षरं त्यावर गिरवली.

दुपट्याला मात्र नवं कापड चालायचं नाही. एक तर खळ असलेलं कोरं कापड तान्ह्या कातडीला टोचतं. दुसरं कारण असं, की ज्यानं कापड वापरलं त्याचं आयुष्य बाळाला लागतं अशी समजूत. म्हणून दादी गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसांकडे जुनेर मागायला जायची. शेजारच्या काकूंच्या सासूबाई ऐंशीच्या घरात होत्या. त्यांच्या तांबड्या काठाच्या इरकली लुगड्यावर दादीचा डोळा होता आणि त्या ‘अजून एक वर्ष नेसते गं’ म्हणून हसायच्या. माझ्या एका फुफीची तीन मुलं लागोपाठ गेली. चौथ्याच्या वेळी सात घरच्या चिंध्या मागून आणून त्याचं दुपटं केलं. ज्या समजुतीनं आपल्याकडे मुलांना धोंडू, दगडू, भिकू अशी नावं ठेवत, त्याच जातीची ही समजूत. मागून आणलेल्या मुलावर मृत्यूची नजर जाणार नाही, अशी आईनं केलेली फसवणूक. तो भाऊ आज नातवंडं खेळवतो आहे.

लग्नात वाकळेबरोबर कापसाची रजईही असे, पण ती पिंजाऱ्याचं काम. तो धनुकलीची तार छेडत दारोदार यायचा. पिंजारी, नदाफ, मन्सुरी अशी या समाजाची नावं. नदाफ म्हणजे अरबीतला नद्दाफ, कापूस पिंजणारा. हल्लाजचा अर्थही तोच. बगदादमध्ये इ.स. ९२२ साली ज्याला देहदंड दिला तो सूफी मन्सूर हल्लाज पिंजाऱ्यांना आपला वाटतो, त्यावरूनच ते मन्सुरी. तर रजई ही अशी थोर वंशातली, आणि विकत घेता येणारी. वाकळ बाजारात मिळत नसे. हल्ली मिळते, आणि चांगल्या किमतीला मिळते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण शिवणाऱ्या हातांना पैसे मिळतात. पण त्यात तुकडे कुणाचे, हे विचारायची सोय राहत नाही.

गोधडीचा इतिहास लिहिणं अवघड आहे. ती मुळातच झिजलेल्या कापडाची, आणि पुन्हा झिजून संपेपर्यंत वापरायची. संग्रहालयात पोचायला वस्तू थोडी निरुपयोगी असावी लागते. त्यामुळे जुन्या ग्रंथांत तिचा माग लागतो तो बायकांच्या नव्हे, विरक्त पुरुषांच्या अंगावर. बौद्ध भिक्खूंच्या विनयग्रंथात उकिरड्यावरून, स्मशानातून वेचलेल्या चिंध्यांच्या वस्त्राची गोष्ट आहे. मगधातली बांध घातलेली भातखाचरं पाहून बुद्धांनी आनंदाला तशी चौकटी जोडलेली चीवरं करायला सांगितलं, अशी कथाही तिथे येते. अकराव्या शतकात लाहोरच्या हुजवीरींनी ‘कश्फ उल महजूब’ या फारसी ग्रंथात सूफींच्या ठिगळांच्या झग्यावर एक प्रकरणच लिहिलं. ठिगळं मिरवण्यासाठी लावणाऱ्यांना त्यांनी त्यात चांगलं फटकारलं आहे.

आपल्याकडे गाडगेबाबांना लोक गोधडेबाबा म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या अंगरख्यामुळे. १९५६ साली ते गेले. स्वतः चिंध्या पांघरणाऱ्या या माणसानं धर्मशाळा बांधल्या त्या दुसऱ्यांच्या डोक्यावर छप्पर असावं म्हणून. आमच्या जिल्ह्यातल्या पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. त्या काळी वसतिगृहात जाणाऱ्या पोराच्या खांद्यावर वळकटी असे आणि वळकटीत बहुधा आईची वाकळ. ती आई मात्र कुठल्या अहवालात नाही.

बायकांनी शिवलेलं जिथे टिकलं, तिथे त्याची वळणं आमच्या ओसरीसारखीच दिसतात. बिहारमध्ये मुझफ्फरपूरजवळच्या भुसुरा गावची सुजनी मूळची नवजात बाळासाठीच, जुन्या साड्या-धोतरांचे थर धावदोऱ्यानं जोडून केलेली. कर्नाटकात कारवारच्या वरच्या अंगाला, हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणारे सिद्दी लोक आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे वंशज. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत आणि तिघांच्याही बायका ‘कवंद’ शिवतात. कोपऱ्यापासून सुरुवात, कडेनं फिरत आत. चार कोपऱ्यांवर त्या घड्या घातलेल्या तुकड्यांची फुलं बसवतात, आणि फुलांवाचूनची कवंद त्यांना उघडी वाटते. बंगालची कंथा तर साहित्यातही गेली. कवी जसीमुद्दीन यांच्या १९२९ सालच्या ‘नक्शी कांथार माठ’ या दीर्घकाव्यात साजू ही गावातली मुलगी परागंदा नवऱ्याची वाट पाहताना आपलं सारं आयुष्य एका कंथेवर टाक्यांनी काढते आणि ती आपल्या कबरीवर अंथरायला सांगते. एका कवीनं गोधडी हा लेखनाचा प्रकार मानला, हे वाचून मला माझं ते जुनं उत्तर आठवलं.

कापड मुलाची ओळख ठरतं, याची मी वाचलेली सगळ्यांत बोचरी हकिगत मात्र लंडनची आहे. तिथल्या फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये १७४१ पासून, ज्यांना पोसणं शक्य नाही अशा आया तान्ही मुलं आणून सोडत. मुलाचं नाव तिथे बदललं जाई. पुढेमागे परत न्यायचं झालं तर ओळख पटावी म्हणून आईनं एखादी खूण ठेवायची किंवा कारकून मुलाच्या कपड्याचा तुकडा कापून कागदाला टाचायचा. असे सुमारे पाच हजार चिंध्यांचे तुकडे त्या दप्तरात आजही आहेत. फुलांचं छापील चीट, फितीचा तुकडा, बाहीचं टोक. १७६७ च्या फेब्रुवारीत सारा बेंडर नावाच्या बाईनं मुलाबरोबर ठेवलेली खूण म्हणजे निरनिराळे तुकडे जोडून केलेली एक ठिगळपट्टी. तिच्यावर दोऱ्यानं हृदय भरलेलं. ती मधोमध कापून अर्धी दप्तरात ठेवली, अर्धी तिनं जवळ ठेवली. आठ वर्षांनी, १७७५ साली, ती आपला अर्धा तुकडा घेऊन आली आणि मुलगा तिला परत मिळाला. असं क्वचितच घडे. १७४१ ते १७६० या काळात घेतलेल्या सोळा हजारांहून अधिक मुलांपैकी १५२ परत नेली गेली. बाकीच्यांच्या चिंध्या कागदाला टाचलेल्या राहिल्या.

आता आमच्या गल्लीकडे येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आमच्याकडे फळीवरची भांडी वाजली आणि आम्ही रस्त्यावर आलो. दोन दिवसांत कळलं की गावंच्या गावं गेली, माणसं हजारोंनी गेली. वर पाऊस. आई-बाप गमावलेल्या मुलांची चर्चा घरोघर होती. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं पुढं त्या भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. दादीला या सगळ्यातलं एवढंच समजलं की लहान पोरं उघड्यावर निजताहेत. तिनं ओसरी झाडायला सांगितली.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. अयोध्या आणि मुंबईच्या दंगली होऊन वर्षही झालं नव्हतं. आमच्या गल्लीत काही घडलं नाही, पण बोलणं आटलं होतं. ईदला शेजारी वाटी गेली ती झाकलेली तशीच परत आली, आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही. काकूंच्या सासूबाई त्या उन्हाळ्यात वारल्या तेव्हा दादी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरली होती. आणि आता लुगडं अंथरलं, विटा ठेवल्या, तर काकू फाटकातून आत आल्या. हातात तांबड्या काठाचं ते इरकली. ‘त्यांनी तुमच्यासाठीच ठेवायला सांगितलं होतं,’ एवढंच म्हणाल्या. दादीनं काही उत्तर दिलं नाही. ती सरकली आणि कोपऱ्यातली एक वीट उचलून तिथे जागा केली. मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा, बी.ए. होऊन नोकरीच्या शोधात. पुन्हा सुया ओवायला बसलो.

तीन आठवड्यांत अकरा वाकळा झाल्या. आब्बा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या दोन लुंग्या अम्मानं स्वतः काढून दिल्या. मी त्या वाकळा हातगाडीवर घालून मदत गोळा करणाऱ्या एका केंद्रावर नेल्या. तिथल्या तरुण कार्यकर्त्यानं उलटसुलट करून पाहिलं आणि हात जोडले. ‘दादा, जुने कपडे घेत नाही. नवीन ब्लँकेट असेल तर द्या.’ मला संताप आला, आणि कविता करणाऱ्या माणसाला शोभेल असं पुष्कळ काही मी त्याला सुनावलं. पुढं किल्लारीकडे गेलो तेव्हा रस्त्याकडेला लोकांनी पाठवलेल्या फाटक्या, मळक्या कपड्यांचे ढीग पावसात कुजताना पाहिले. कुणाचं दुःख म्हणजे आपली अडगळ काढून टाकायची संधी नव्हे, हे त्या पोरानं आमच्या आधी पाहिलं होतं. आपल्या मुलाला जुनेर पांघरलं तर ते आयुष्य, परक्याच्या मुलाला दिलं तर ती भीक. मधली रेघ कुठे असते, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

हातगाडी परत आली तेव्हा दादीनं विचारलं, ‘क्या बोले?’ मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, मग आपण चुकलो, धुवायच्या राहिल्या. ओली वाकळ उचलायला दोन माणसं लागतात. दोन दिवस अम्मा आणि काकू दोन टोकांना धरून त्या पिळत होत्या. दोरीवर जागा पुरेना, तेव्हा चार काकूंच्या गच्चीवर टाकल्या. वाळल्यावर दादीनं प्रत्येकीचा मधला टाका उसवला, फुगलेले दाणे काढले, कोरडे घातले आणि पुन्हा बंद केलं. मग माझे एक जुने गुरुजी त्या भागातल्या मुलांच्या एका वसतिगृहावर निघाले होते, त्यांच्याबरोबर एस.टी.च्या टपावरून त्या गेल्या.

महिन्याभरानं गुरुजींचं कार्ड आलं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, काकूही होत्या. अकरा पोचल्या. थंडी पडू लागली आहे. मुलं ठीक आहेत, पण तांबड्या काठाच्या वाकळेवरून रोज रात्री भांडणं होतात, तेव्हा तसल्या आणखी दोन पाठवता आल्या तर पाहावं.