पेटीची चावी कोणाकडे?

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला खेटून वारूळवाडी आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास या परिसरात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, बोलणी होतात, सुपारी ठरते. पैसे मोजले की फड गावात येतो. याच तमाशाच्या जगावर अनंत माने यांनी १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट काढला. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. पण असा जुना चित्रपट आज यात्रेत रीतसर, चांगल्या प्रतीत दाखवायचा झाला, तर मुळात जायचं कोणाकडे, इथूनच शोध सुरू होतो.

या अडचणीचं मूळ पेटीत आहे. हजार फुटांचं एक रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालतं. अशा डझनभराहून जास्त रिळांचे गोल डबे एका पेटीत भरून चित्रपट गावी यायचा. तो विकत मिळत नसे. भाड्याने यायचा आणि खेळ संपला की वितरकाकडे परत जायचा. पुस्तक घराघरांत राहिलं; चित्रपट मालकाच्या गोदामातच राहिला.

गोदाम बंद ठेवण्यातही कमाई आहे, हे अमेरिकेत डिस्नेने दाखवलं. १९३७ चा ‘स्नो व्हाइट’ १९४४ मध्ये पुन्हा थिएटरात आणला आणि तो चालला. मग दर काही वर्षांनी एकेक चित्रपट बाहेर काढायचा आणि पुन्हा कुलपात ठेवायचा, ही रीतच पडली. पुढे टीव्ही, व्हिडिओ, उपग्रह वाहिन्या आल्या आणि प्रत्येकासाठी हक्कांचा वेगळा तुकडा विकला गेला.

कायद्यानेही कुलूप लांबवलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाला ५० वर्षांचं संरक्षण होतं. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरच्या हक्काची मुदत १९९१ अखेर संपत होती, म्हणून ५० ची ६० वर्षं झाली; त्यात चित्रपटही आले. त्या हिशेबाने ‘सांगत्ये ऐका’ २०१९ अखेर मोकळा झाला. पण त्यातली गीतं गदिमांची. ते १९७७ साली गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत वेगळा उभा आहे. शिवाय हक्क संपला तरी प्रत ज्याच्याकडे, चावी त्याच्याकडेच. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात रिळं आहेत, पण जपणूक संग्रहालयाची आणि हक्क दुसऱ्याचा, असं बऱ्याच चित्रपटांचं आहे.

आणि रीळ वाट पाहत नाही. जुन्या रिळांची नायट्रेट फिल्म पेट घेते. २००३ साली पुण्यातच लागलेल्या आगीत अशी हजारो रिळं गेली. कित्येक प्रिंट तर त्यातली चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. ज्या चित्रपटाची एकच प्रत एका कुलपात असते, तो असाच एका दिवसात संपतो. निर्मात्याला त्याच्या कष्टाचं मोल मिळालंच पाहिजे. पण दाखवायचंही नाही आणि दुसऱ्याला दाखवूही द्यायचं नाही, हा कलेवरचा अन्याय आहे.

कायद्यातच यावर एक वाट आहे. एकदा प्रसिद्ध झालेली कृती मालक पुन्हा लोकांसमोर आणू देत नसेल, तर कलम ३१ प्रमाणे दाद मागून मोबदला भरून परवाना मिळवता येतो. फिल्म सोसायट्यांनी, महाविद्यालयांनी, यात्रा कमिट्यांनी ही वाट चालून पाहावी. आणि मालकांनी त्याआधीच कुलूप काढावं.