वीजतंत्री घडतो कसा? आयटीआयमधील दोन वर्षे आणि त्यानंतरचा परवाना

दहावीचा निकाल लागला की औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या, म्हणजे आयटीआयच्या प्रवेशअर्जांचे दिवस सुरू होतात. अर्जात ट्रेडचा पसंतीक्रम लिहिताना ज्या दोन-तीन नावांवर बहुतेकांची पेन्सिल थांबते, त्यांत इलेक्ट्रिशियन हे नाव हमखास असते. शासकीय मराठीत याला वीजतंत्री म्हणतात. जोडारी, संधाता, तारतंत्री हीदेखील त्याच घराण्यातील नावे. हा ट्रेड लोकप्रिय असला तरी त्यात नेमके काय शिकवले जाते, प्रमाणपत्र हाती आल्यावर काय करता येते आणि काय करता येत नाही, याविषयी पालकांत आणि विद्यार्थ्यांतही बराच गोंधळ आढळतो. त्यातील सर्वात महागात पडणारा गैरसमज प्रमाणपत्र आणि परवाना यांच्यातील फरकाविषयी आहे.

आयटीआयमधील हे शिक्षण केंद्र सरकारच्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालते. ही योजना १९५० साली सुरू झाली. १९५६ साली संस्थांचा कारभार राज्यांकडे सोपवण्यात आला आणि त्याच वर्षी व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र राष्ट्रीय पातळीवर ठरते, संस्था मात्र राज्य चालवते, ही विभागणी आजही कायम आहे. म्हणूनच फर्मागुढीच्या आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलाचे प्रमाणपत्र बेळगाव, इंदूर किंवा वडोदऱ्यातील कारखान्यातही तेवढेच चालते. २०१५ पासून हा विषय केंद्रातील कामगार मंत्रालयाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे आला.

गोव्यात पणजी, म्हापसा, पेडणे, डिचोली, होंडा, फर्मागुढी, वास्को, मडगाव, काकोडा आणि काणकोण येथे सरकारी आयटीआय आहेत. कोणत्या संस्थेत यंदा वीजतंत्रीच्या किती तुकड्या आहेत, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहूनच पसंतीक्रम भरावा. एका तुकडीत साधारणपणे वीस जागा असतात.

प्रवेशासाठी विज्ञान व गणित हे विषय घेऊन दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक असते आणि वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. तारतंत्री या भगिनी-ट्रेडला आठवी उत्तीर्ण विद्यार्थीही पात्र ठरतो. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचेच आहेत. तारतंत्रीचा भर इमारतीतील वायरिंगवर असतो, तर वीजतंत्रीच्या वाट्याला त्याखेरीज यंत्रे, मोटारी, नियंत्रण पॅनेल आणि थोडे इलेक्ट्रॉनिक्स येते. कारखान्यात जायचे असेल तर वीजतंत्री हा ट्रेड अधिक सोयीचा, हा सर्वसाधारण अनुभव आहे.

मध्यंतरी, २०१३ पासून काही वर्षे सत्रपद्धत होती. २०१८ पासून पुन्हा वार्षिक पद्धत आली. सध्याच्या आराखड्यानुसार वर्षाचे १२०० तास धरलेले असतात. त्यांतील ८४० तास प्रत्यक्ष कामाचे. तात्त्विक भागाला पहिल्या वर्षी २४० आणि दुसऱ्या वर्षी ३०० तास मिळतात. उरलेले तास रोजगारक्षमता कौशल्यांसाठी, म्हणजे संवाद, संगणक, मुलाखत यांसाठी असतात. याशिवाय दरवर्षी १५० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घालवायचे असतात. ज्यांना वर्गात बसवत नाही त्यांच्यासाठी आयटीआय असते, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. तात्त्विक तासांचा हा हिशेब पाहिला तर त्या बोलण्यातील उथळपणा लक्षात येतो. ओहमचा नियम, किरचॉफचे नियम, व्हीटस्टन ब्रिज, पॉवर फॅक्टर यांतून सुटका नाही. परीक्षेत मात्र हाताला अधिक मान आहे. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के गुण लागतात, इतर विषयांत ३३ टक्के पुरतात.

पहिल्या वर्षाची सुरुवात विजेपासून होत नाही. ती सुरक्षिततेपासून होते. शॉक बसलेल्या माणसाला न शिवता आधी पुरवठा कसा तोडावा, ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून कसे दूर करावे, कृत्रिम श्वसन कसे द्यावे, विजेच्या आगीवर पाणी का टाकू नये, हे आधी शिकवले जाते. त्यानंतर पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, कानस, छन्नी, ड्रिल ही हत्यारे हातात येतात. मग तारांचे जोड. ट्विस्ट, टी, मॅरीड, ब्रिटानिया असे निरनिराळे जोड विद्यार्थी पुन्हा पुन्हा करतो आणि त्यांना डाग देतो, म्हणजे सोल्डरिंग करतो. नव्याने आलेल्या मुलांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. परंतु घरातील वायरिंगला लागणाऱ्या आगीचे मूळ अनेकदा ढिल्या जोडातच असते. जोड सैल असला की तिथला रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णतेने आवरण जळते. एमसीबीला यातले काहीच कळत नाही, कारण प्रवाह मर्यादेबाहेर गेलेलाच नसतो.

पुढे कंड्युटमधील वायरिंग, वितरण बोर्ड, मीटर, बॅटऱ्या, दिव्यांचे प्रकार, मोजमापाची उपकरणे, ट्रान्सफॉर्मर आणि घरगुती उपकरणांची दुरुस्ती असा क्रम असतो. मेगर हे उपकरण याच टप्प्यावर हाती येते. वायरिंग पूर्ण झाल्यावर, पुरवठा जोडण्यापूर्वी, पाचशे व्होल्टच्या मेगरने तारांच्या आवरणाचा रोध तपासायचा असतो. तो किमान एक मेगओहम तरी भरला पाहिजे. गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये ओल धरलेल्या भिंतींतून गेलेल्या जुन्या तारांवर ही चाचणी केली की काटा कुठे थांबतो, हे पाहण्यासारखे असते. जुन्या घरांतील लाकडी पट्टीवरचे वायरिंग आजही ठिकठिकाणी वापरात आहे. त्यावर वातानुकूलन यंत्र जोडून मिळावे, अशी मागणी करणारे घरमालकही आहेत.

अर्थिंगचा धडा अभ्यासक्रमात जेवढी पाने घेतो त्याहून या भूमीत त्याचे महत्त्व अधिक आहे. भारतीय मानकानुसार पाइप अर्थिंगसाठी किमान ३८ मिलिमीटर आतील व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा गॅल्वनाइज्ड पाइप जमिनीत उभा पुरतात. पारंपरिक पद्धतीत त्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देतात. प्लेट अर्थिंगमध्ये साठ सेंटिमीटर चौरस पत्रा लागतो, तांब्याचा असल्यास ३.१५ मिलिमीटर आणि लोखंडी असल्यास ६.३ मिलिमीटर जाडीचा. हे पुस्तकी आकडे झाले. प्रत्यक्षात जांभ्या दगडाच्या सड्यावर बांधलेल्या घराची अर्थिंग पावसाळ्यात उत्तम वाटते आणि मे महिन्यात जमीन कोरडी पडली की तिचा रोध कितीतरी वाढतो. म्हणून मोजणी उन्हाळ्यात करावी, असा दंडक आहे. किनाऱ्यालगत अडचण उलटी असते. तिथे जमीन ओली असते, पण खारे वारे आणि खारी माती पाइप व क्लॅम्प खाऊन टाकतात. खड्ड्यावरचे झाकण वर्षानुवर्षे न उघडल्यास खाली तार तुटली आहे हे कळतही नाही. अर्थिंग नसली तरी पंखा फिरतो, दिवा लागतो. तिची उणीव कळते ती गिझरच्या धातूच्या अंगात वीज उतरल्यावरच. ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी अशा वेळी पुरवठा तोडून जीव वाचवू शकते. मात्र तिच्यावरचे चाचणीचे बटण दाबून पाहण्याची सवय ग्राहकाला कोणीतरी लावावी लागते, आणि तो कोणीतरी म्हणजे वीजतंत्रीच.

दुसरे वर्ष यंत्रांचे. डीसी मोटारी, तीन फेजच्या इंडक्शन मोटारी, अल्टरनेटर, वाइंडिंग, रेक्टिफायर, इन्व्हर्टर, सौर पॅनेल, वाहिन्या आणि उपकेंद्रातील सर्किट ब्रेकर यांचा त्यात समावेश असतो. स्टार-डेल्टा स्टार्टर हा या वर्षाचा मानबिंदू म्हणावा लागेल. मोटार आधी स्टार जोडणीत चालू केली की सुरुवातीचा प्रवाह थेट डेल्टामध्ये चालू करण्याच्या तुलनेत एक-तृतीयांश होतो, पण सुरुवातीची पीळशक्तीही तेवढीच घटते. त्यामुळे पंपाला चालणारा स्टार्टर जड भार ओढत सुरू होणाऱ्या यंत्राला चालेलच असे नाही. कॉन्टॅक्टर, टायमर आणि ओव्हरलोड रिले यांची ही जोडणी आकृती न पाहता करता आली की कारखान्यातील मुलाखतीचा अर्धा भाग पार पडला, असे समजायला हरकत नाही. वेर्णा, कुंडई, बेतोडा, पिळर्ण येथील औद्योगिक वसाहतींतील देखभाल विभागांना हेच कौशल्य लागते.

दोन वर्षांनंतर अखिल भारतीय परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. इथून वाटा फुटतात. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात वा सार्वजनिक उपक्रमात विद्यावेतनासह उमेदवारी करता येते आणि तिच्या शेवटी वेगळी राष्ट्रीय परीक्षा असते. रेल्वेतील सहायक लोको पायलटच्या भरतीत हा ट्रेड ग्राह्य धरतात. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्याला पदविका अभ्यासक्रमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा दरवाजा उघडा असतो. त्याचा लाभ घेणारे मात्र थोडे, आणि तेथे गणिताचा अडथळा अनेकांना जाणवतो. ज्याला शिकवण्याची आवड आहे त्याच्यासाठी निदेशक प्रशिक्षणाचा वेगळा अभ्यासक्रम आहे. आखातात किंवा बोटीवर जाऊ इच्छिणाऱ्यांची संख्या गोव्यात मोठी. बोटीवरच्या नोकरीसाठी या प्रमाणपत्राखेरीज सागरी सुरक्षेचे स्वतंत्र प्रशिक्षण लागते, हे दलालाकडून कळण्याआधी माहीत असलेले बरे.

आता परवान्याविषयी. आयटीआयचे प्रमाणपत्र म्हणजे लोकांच्या घरी वायरिंग करण्याची मुभा नव्हे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने हे स्पष्ट केले होते आणि २००३ च्या वीज कायद्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली केलेल्या सुरक्षाविषयक विनियमांतही तीच चौकट ठेवली गेली. २०२३ साली त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. या चौकटीचा सारांश असा, की वीजमांडणीचे काम राज्याने परवाना दिलेल्या ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली आणि परवानापत्र असलेल्या व्यक्तीनेच करायचे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणे यांसारखी, मांडणीची क्षमता वा स्वरूप न बदलणारी किरकोळ कामे तेवढी यातून वगळलेली आहेत. नवी वाहिनी टाकणे, भार वाढवणे, मीटरपासून नवा बोर्ड घेणे ही कामे त्या सवलतीत बसत नाहीत.

परवानापत्र राज्याचे परवाना मंडळ देते. कोणत्या पात्रतेला किती अनुभव हवा, परीक्षेतून कोणाला सूट, हे राज्यागणिक बदलते. म्हणून सीमेवरच्या तरुणाने दोडामार्ग किंवा खानापूरचे काम घेताना आपला परवाना कोणत्या राज्याचा आहे हे पाहिले पाहिजे. परवान्याला मुदत असते आणि त्याचे नूतनीकरण करावे लागते. प्रमाणपत्र मिळाल्यावर पाच-सात वर्षे कोणाच्या तरी हाताखाली बिनापरवाना राबणारे आणि मग अपघातानंतर कागदोपत्री कुठेच नसलेले कामगार या क्षेत्रात कमी नाहीत. अशा वेळी ठेकेदार हात झटकतो, घरमालक अनभिज्ञ असतो आणि नुकसानभरपाईचा दावा उभा करणे कठीण होऊन बसते. उमेदवारीचा लेखी पुरावा आणि अनुभवाचा दाखला पहिल्या दिवसापासून जपून ठेवावा, तो यासाठी.

एक विषय वर्गात शिकवला जातो, तरीही बाहेर त्याची उपेक्षा होते. पावसाळ्यात झावळी किंवा फांदी पडून पुरवठा खंडित झाला की घरोघरी जनरेटर सुरू होतात. चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर थेट बोर्डाला जोडला, तर ती वीज मागच्या वाटेने वाहिनीत जाते. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून ती उलट चढते आणि २३० व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात. खांबावर चढलेल्या लाइनमनच्या दृष्टीने ती तार मृत असते. म्हणूनच वाहिनी बंद केल्यावरही ती तपासून, दोन्ही बाजूंनी अर्थ करूनच हात लावायचा, हा नियम आहे. घरातील इन्व्हर्टरचेही तसेच. मेन स्विच पाडला तरी त्याच्या वाटेवरचे पॉइंट जिवंत राहतात. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नये, दोन टोकांचा मापक वापरावा, असे निदेशक सांगतात ते याच कारणाने.

मुलींची संख्या या ट्रेडमध्ये अद्याप कमी आहे. खांबावर चढावे लागेल या भीतीने पालक मागे सरतात. वास्तविक पॅनेल वायरिंग, चाचणी विभाग, वाइंडिंग, सौर मांडणीचे आरेखन आणि हॉटेलांतील देखभाल यांत खांबाचा संबंधही येत नाही. गोव्यात ही कामे मुबलक आहेत.

अर्ज करताना दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि लागू असल्यास जातीचा दाखला सोबत असावा. रंगांधळेपणाची तपासणी प्रवेशापूर्वीच करून घ्यावी. लाल, पिवळी, निळी फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ यांतील फरक डोळ्यांना ओळखता आला नाही तर या व्यवसायात पुढे मोठी अडचण येते, आणि ती दुसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.