ऐंशीच्या पोटातला इतिहास

घाटकोपरमधली आज ऐंशीच्या घरात असलेली पिढी आणि अँटिबायोटिक्स जवळपास एकाच वयाची. 1945 साली पेनिसिलिनसाठी फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल मिळालं. नोबेल व्याख्यानातच फ्लेमिंग यांनी बजावलं होतं की, मात्रा अपुरी पडली तर जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला सरावतील. घाटकोपर तेव्हा मुंबई महापालिकेतही नव्हतं. ते 1950 मध्ये आलं.

औषध मात्र लवकरच दारात आलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभ्या राहिलेल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये 1955 पासून पेनिसिलिन बनू लागलं. पुढे मुलुंडला हेक्स्टचा कारखाना आला. 1970 च्या पेटंट कायद्यानंतर देशी कंपन्यांनी वेगळ्या प्रक्रियेने तीच औषधं बनवली आणि किमती आवाक्यात आल्या. हे वरदानच होतं, यात शंका नको. क्लोरॅम्फेनिकॉल येण्याआधी टायफॉईडने घरंच्या घरं हादरत.

पण 1972 मध्येच कालिकतला क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणारा टायफॉईड पसरला. त्यातून धडा कोणी घेतला?

ऐंशीच्या दशकापासून नॉरफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या आल्या आणि एक रिवाज पक्का झाला. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं, जुलाब लागले, की मेडिकलवाल्याला सांगायचं, 'पोटाचं काहीतरी द्या.' चार गोळ्या कापून मिळत. दोन घेतल्यावर बरं वाटलं, की उरलेल्या डब्यात. खरं तर बहुतेक जुलाबांना अँटिबायोटिक लागतच नाही. 1971 च्या बांगलादेशी निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे रोगी वाचवले होते. स्वस्त पाण्यापेक्षा रंगीत गोळीवर आपला विश्वास जास्त, दुसरं काय!

आतड्यातले ई. कोलाय एरवी निरुपद्रवी. मात्र प्रत्येक कोर्समध्ये औषधाला दाद देणारे मरतात, न देणारे उरतात. प्रतिकाराचं जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असलं, तर ते वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही मिळतं. तरुणपणी हे सगळं पोटात मुकाट राहतं. उतारवयात प्रोस्टेट वाढतं, रजोनिवृत्तीनंतर लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, ऑपरेशननंतर कॅथेटर लागतो. मग आतड्यातलाच जिवाणू मूत्रमार्गात शिरतो आणि कल्चरच्या रिपोर्टवर औषधांपुढे 'आर'ची, म्हणजे 'रेझिस्टंट'ची रांग लागते.

2008 मध्ये स्वीडनला परतलेल्या, भारतीय वंशाच्या 59 वर्षांच्या गृहस्थांच्या बाबतीत हेच उघड झालं. दिल्लीत उपचार घेतल्यानंतर त्यांच्या लघवीत कार्बापेनेम या राखीव अँटिबायोटिक्सनाही न जुमानणारा क्लेबसिएला हा जिवाणू सापडला आणि शौचातल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक निघालं: एनडीएम-1. यातलं 'एनडी' म्हणजे न्यू दिल्ली. नावात दिल्ली आल्याने आपल्याकडे संताप झाला. पण मुंबईही दूर नव्हती. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2009 च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमधले कार्बापेनेमला न जुमानणारे 24 जिवाणू तपासले. 22 मध्ये एनडीएम-1 होतं. हा अहवाल मार्च 2010 मध्ये छापून आला.

सरकारने 2013 मध्ये 'शेड्युल एच-1' काढलं. त्यातली औषधं विकताना केमिस्टने रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं जपायची. यादीत सेफिक्झिम आहे, मेरोपेनेम आहे. जुलाबावर सर्रास मागितली जाणारी नॉरफ्लॉक्सासिन आणि ऑफ्लॉक्सासिन त्या यादीत घातली गेली नाहीत. त्यांना चिठ्ठी लागते, पण त्या वहीत नोंद करण्याची सक्ती झाली नाही.