पूर्णाकाठचे खारे पाणी आणि मॅग्नेशियमची कथा

१/८ विहिरीला पाणी लागले, पण ते तोंडात धरवेना! अमरावतीतील दर्यापूर, अकोल्यातील अकोट-तेल्हारा ते पुढे बुलढाण्यापर्यंतच्या 'खारपाणपट्ट्या'ची ही पिढ्यान्‌पिढ्यांची व्यथा. मानसिक ताणावर मॅग्नेशियमच्या गोळ्या सुचवल्या जाण्याच्या काळात ही व्यथा समजून घेणे अगत्याचे आहे.

२/८ इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनी पूर्णाकाठच्या खाऱ्या विहिरींची दखल घेतली. त्यांतील पाण्यापासून पूर्वी मीठही काढले जाई. या पाण्याने ओलित केल्यास जमीन बिघडते. म्हणून कपाशी, तूर, मूग अशी कोरडवाहू पिके येथे रुजली.

३/८ हे घडते कसे? कोरड्या हवामानात जमिनीतील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने अडकून पडते आणि मातीच्या कणांवर सोडियम व मॅग्नेशियमचे प्रमाण वाढते. काळी माती पाणी मुरू देत नाही, निचरा थांबतो आणि क्षार साचत जातात.

४/८ इंग्लंडमधील एप्सम गावच्या कडू झऱ्याची कथा १६१८ सालची. गुरांनी नाकारलेले ते पाणी पुढे औषध ठरले. त्यातील क्षार म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. हम्फ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये मॅग्नेशियम हा धातू वेगळा केला.

५/८ १९३२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना मॅग्नेशियमविरहित आहार दिला. ते अतिशय चिडखोर झाले, त्यांना झटके आले. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी ताणाला शरीर कसा प्रतिसाद देते याची मांडणी केली. पुढे हे दोन प्रवाह एकत्र आले.

६/८ ताण आला की अॅड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. ताण लांबला तर लघवीवाटे मॅग्नेशियम अधिक जाऊ शकते. तीव्र कमतरतेत पॅराथायरॉइड संप्रेरक मंदावून कॅल्शियमही घटते. मात्र शरीरातील एक टक्क्याहूनही कमी मॅग्नेशियम रक्तात असते; केवळ रक्ततपासणीवरून साठ्याचा अंदाज बांधणे अवघड.

७/८ हा तोल सांभाळते मूत्रपिंड. गाळलेले सुमारे ९५ टक्के मॅग्नेशियम ते रक्तात परत घेते, जादा झालेले बाहेर टाकते. खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडविकारांची तक्रार जुनी आहे. त्याला केवळ क्षारच कारणीभूत आहेत असे सिद्ध झालेले नाही. पण निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडाला जादा मॅग्नेशियम बाहेर टाकता येत नाही. पुण्या-मुंबईत निरुपद्रवी ठरणारी गोळी अशा रुग्णाला घातक ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याविना ती घेऊ नये.

८/८ निरोगी माणसाला ज्वारीची भाकर, तूर, हरभरा आणि पालेभाज्या मॅग्नेशियम पुरवतातच. गावांची खरी निकड गोड्या पाण्याची. सातपुड्यातील वान आणि शहानूर धरणांवरील पाणीपुरवठा योजना त्यासाठीच आल्या. नळ कोरडा पडला की माणसे पुन्हा त्याच विहिरीकडे वळतात. म्हणून येथे आरोग्याचा इतिहास हा पाण्याचाही इतिहास आहे.